ज्याचं काहीच दुखत नाही, त्याचे पाय आधी बघा!

पालखीच्या मुक्कामात फिजिओथेरपीचे विद्यार्थी वारकऱ्यांचे पाय चेपून देतात, एवढंच आपल्याला लांबून दिसतं. पण त्या मांडवात एक प्रॅक्टिकल परीक्षा सुरू असते. आणि तिचा पेपर कोणतीही युनिव्हर्सिटी सेट करत नाही.

समजा, तुम्ही फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहात.

ज्येष्ठ संपत आलाय. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी पुण्यात पोहोचलीय. फर्ग्युसन रोड, लक्ष्मी रोड माणसांनी ओसंडून वाहिलेत. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात विसावलीय. आसपासच्या शाळा, कार्यालयं, गल्ल्या, सगळीकडे दिंड्या उतरल्यात. आणि अशाच एका मांडवात तुमच्या कॉलेजचा कॅम्प लागलाय. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन-चार टेबलं, बर्फ, टेपचे रोल, आणि समोर न संपणारी रांग.

पहिला तास मस्त जातो. कुणाच्या पोटरीत गोळे आलेत, कुणाची टाच सकाळी पहिलं पाऊल टाकताना ठणकते, कुणाचा गुडघा सुजलाय. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चाललेल्या मावशींची मान धरलीय. गळ्यात पखवाज अडकवून चालणाऱ्या काकांची कंबर धरलीय. पुस्तकात वाचलेलं सगळं समोर येऊन बसतंय. तुम्ही हात चालवताय, स्ट्रेचिंग शिकवताय, टेप लावताय. समोरचा माणूस वयानं तुमच्या आजोबांएवढा, आणि उठताना तोच तुम्हाला वाकून नमस्कार करतो. 'माउली' म्हणतो. तुम्हाला कसंनुसं होतं.

मग एका आजींबरोबर त्यांचे मालक येतात. आजींचा गुडघा बघून होतो. तुम्ही आजोबांना विचारता, "बाबा, तुमचं काय दुखतंय?"

"माझं? काय न्हाय बाळा. पाय म्हंजे लाकडं झाल्यात आता. दुखत न्हाय, खुपत न्हाय. पांडुरंगाची कृपा."

रांग मोठी आहे. मागचे लोक घाई करताहेत. आजोबांना काहीच त्रास नाही म्हटल्यावर तुम्ही काय कराल? पुढचा नंबर घ्याल?

थांबा. या अख्ख्या रांगेत तुम्ही सगळ्यात आधी ज्याचे पाय बघायला हवेत, तो माणूस कदाचित हाच आहे.

दुखणं नसतं तेव्हा

सलग काही दिवस चाललेल्या माणसाचे पाय दुखणं ही चांगली गोष्ट आहे. शरीर निरोप देतंय, की इथे ताण येतोय, जरा सांभाळ. असा माणूस लंगडतो, पाऊल वेगळं टाकतो, चपलेतला खडा काढून टाकतो. पण ज्याच्या तळव्याची संवेदना गेलीय, त्याला हा निरोप पोहोचतच नाही. चपलेत खिळा वर आला तरी तो चालतो. फोड फुटला, चिखल आत गेला, जखम चिघळली, तरी तो चालतच राहतो.

याचं आज आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायांच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, जळजळ होते आणि मग हळूहळू काहीच जाणवेनासं होतं. म्हणजे त्रास 'कमी' झाल्यासारखा वाटतो तेव्हा धोका वाढलेला असतो. अशा पायाला झालेली साधी जखम बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते.

हे आज आपण सहज बोलतो. पण बधिर पायाचं हे गणित उलगडलं ते एका वेगळ्याच आजारात, आणि त्यात श्रद्धेनं चालवलेल्या एका हॉस्पिटलचा मोठा वाटा होता. गोष्ट वेल्लोरची आहे. ऐकाच.

गंजलेलं कुलूप आणि एक मुलगा

तमिळनाडूतलं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज म्हणजे सीएमसी. १९०० साली डॉ. आयडा स्कडर यांनी एका खाटेच्या दवाखान्यापासून त्याची सुरुवात केली. तिथे १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड हे तरुण सर्जन रुजू झाले. मिशनरी आईवडिलांचा हा मुलगा भारतातच, कोल्ली डोंगरात जन्मलेला.

त्या काळी कुष्ठरोगाबद्दल डॉक्टरांमध्येही एक समज पक्का होता. या रुग्णांचं मांसच खराब असतं, जखमा भरत नाहीत आणि बोटं आपोआप झडतात, असा. समाजात तर हा आजार म्हणजे पापाचं फळ. हात लावायला कुणी तयार नाही. हात लावला तो बहुतेक ठिकाणी मिशनच्या लोकांनी, त्यांच्या श्रद्धेपोटी.

ब्रँड एकदा एका खोलीचं गंजलेलं कुलूप उघडायचा प्रयत्न करत होते. किल्ली फिरेना. जवळ उभा असलेला एक लहान मुलगा, कुष्ठरोगाचा रुग्ण, म्हणाला मी बघतो. त्यानं किल्ली फिरवली, कुलूप उघडलं. त्या पोराच्या बोटांत एवढी ताकद कुठून आली, याचं ब्रँडना नवल वाटलं. मग जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीनं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि मुलाला पत्ताच नव्हता.

ब्रँड या धाग्यानं पुढे गेले. रुग्ण दिवसभर काय करतात, कसं करतात, हे त्यांनी आणि त्यांच्या टीमनं बारकाईनं बघितलं. गरम भांडं कसं उचलतात, अवजार किती घट्ट धरतात, चालताना पाऊल कसं टाकतात. हळूहळू स्पष्ट झालं, की हात-पायांची ही हानी मुख्यतः वेदना न कळल्यामुळे होते. जखमेला विश्रांती आणि संरक्षण दिलं तर ती भरते.

मग सुरू झालं हाताचं ऑपरेशन. कुष्ठरोगात काही स्नायू लुळे पडून बोटं पंजासारखी वाकतात. ब्रँड एका चांगल्या स्नायूचा कंडरा दुसरीकडे वळवून लुळ्या पडलेल्या स्नायूचं काम त्याच्याकडून करून घ्यायचे. पण खरी गंमत पुढे आहे. ऑपरेशननंतर रुग्णानं नेहमीसारखी हालचाल करायला जावं, तर भलतीकडेच हालचाल व्हायची! कंडरा नव्या जागी, मेंदूतला नकाशा जुना. तो नकाशा नव्यानं शिकवण्याचं काम कुणाचं? फिजिओथेरपिस्टचं. रुथ थॉमस या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टनं वेल्लोरमध्ये हे काम उभं केलं. पुढे काही बऱ्या झालेल्या रुग्णांनाच हे तंत्र शिकवलं गेलं आणि ते दुसऱ्यांचे हात घडवू लागले.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की मधुमेहींच्या पायांची गोष्ट अगदी हीच आहे. कुष्ठरोग्यांसाठी शोधलेली पादत्राणं, जखमेवरचा भार काढून टाकण्याचे उपाय, रोज तळवा बघण्याची शिस्त, हे सगळं मधुमेहींच्या कामी आलं.

म्हणजे भवानी पेठेतल्या मांडवात तुम्ही त्या आजोबांचा तळवा उलटा करून बघता, तेव्हा तुमच्या हातात वेल्लोरच्या त्या कुलपाची किल्ली असते.

हे आपल्या पुण्यातही आहे

वेल्लोर लांब वाटत असेल तर कोंढव्याला या. तिथे डॉ. बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालय आहे. पुण्यात कुष्ठरोग्यांच्या उपचारांचं आणि पुनर्वसनाचं काम उभं करण्यात पद्मश्री डॉ. जाल मेहता यांचं नाव घेतलं जातं. कुष्ठरोगावर आता औषधं आहेत, तो बरा होतो. पण नसांचं झालेलं नुकसान औषधानं परत येत नाही. तिथे आजही स्प्लिंट, व्यायाम, मऊ रबराच्या एमसीआर चपला आणि 'रोज रात्री पाय बघा' हाच मंत्र लागतो.

श्रद्धा आणि पुनर्वसन यांची सांगड आपल्या आसपास आणखीही दिसेल. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उघडलं. पुण्यात साधू वासवानी मिशन अनेक वर्षं कृत्रिम हात-पाय मोफत बसवून देतं. आझम कॅम्पसमध्ये फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. प्रार्थना वेगवेगळ्या, पण हॅमस्ट्रिंग सगळ्यांची एकाच ठिकाणी!

आणि यातून एक गोष्ट सारखी समोर येते. श्रद्धा दार उघडून देते. ज्याला कुणी शिवत नाही त्याच्याजवळ जायला लावते. पण आत गेल्यावर काय बघायचं, कसं बघायचं, हे शिकावंच लागतं. नुसता पाय दिला आणि चालायला शिकवलं नाही, तर तो पाय घराच्या कोपऱ्यात पडून राहतो.

'चालू नका' हे उत्तर नाही

परत मांडवात येऊ. आजोबांच्या अंगठ्याखाली एक घट्टा आहे आणि त्याच्या कडेला ओलसर जखम. गोल, दुखत नसलेली. शुगर आहे का विचारलं तर म्हणतात, "हाय थोडी." गोळ्या? "त्या घरी ऱ्हायल्या."

ओपीडीत असता तर तुम्ही काय सांगितलं असतं? चालणं बंद, पायावर भार नको, जखम भरेपर्यंत आराम. पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण हा माणूस पंढरपूरला निघालाय. उद्या-परवा दिवे घाट आहे. आळंदीपासून धरलं तर वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. कदाचित तो तीस वर्षं एकही वारी चुकलेला नाही. तुम्ही 'चालू नका' म्हटलंत तर तो हात जोडेल, "बरं माउली" म्हणेल आणि पहाटे चालायला लागेल. तुमचा सल्ला मात्र मांडवातच राहील.

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना आयसीएफ नावाची एक चौकट शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली ती स्वीकारली. तिचं सार सोपं आहे. शरीरात काय बिघडलंय, त्यामुळे माणसाला काय करता येत नाहीये आणि त्यामुळे तो आयुष्यातल्या कशात सहभागी होऊ शकत नाहीये, हे तीनही बघा. परीक्षेत यावर लिहिताना पेन थांबतं. आजोबांसमोर बसल्यावर ते आपोआप कळतं. बिघाड म्हणजे जखम आणि बधिर नस. करता येणं म्हणजे चालणं. सहभाग म्हणजे पंढरपूर.

हा सहभाग म्हणजे आपल्या उपचारातला अडथळा नाही. त्या माणसासाठी सगळा खटाटोप त्याच्यासाठीच आहे. तेव्हा सल्ला द्यायचा तो तिथून सुरू करून द्यायचा. आधी मांडवातल्या डॉक्टरांना जखम दाखवायची. तिची सफाई आणि औषध हे त्यांचं काम, आपण तिथे हुशारी करायची नाही. मग आजी-आजोबा दोघांना एकत्र बसवून बोलायचं. पाय दुखत नाही म्हणजे बरा आहे असं नाही, हे त्यांच्या भाषेत सांगायचं. घरून गोळ्या मागवायच्या. दिंडीच्या ट्रकमधून पुढचे टप्पे जाता येतील का, हे दिंडीप्रमुखांना विचारायचं. आणि रोज संध्याकाळी आजींनी त्यांचे तळवे बघायचे. बोटांच्या बेचक्यासुद्धा. ओले असतील तर कोरडे करायचे.

हे सगळं ऐकूनही ते कदाचित चालतीलच. पाय त्यांचा आहे. पण आता त्यांना माहीत असेल. आणि आजींना तर नक्कीच!

सेवा आहे, म्हणून काहीही चालत नाही

पालखीच्या दिवसांत पुण्यात सेवेचा उत्साह भरून वाहतो. कुणी केळी वाटतं, कुणी रेनकोट, कुणी पाय दाबून देतं. तुमच्या कॉलेजचं एनएसएस युनिटही उतरत असेल. छानच आहे ते. पण शरीराला हात लावताना एक फरक लक्षात ठेवायला हवा.

एकच उदाहरण. एखाद्या वारकऱ्याची एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय. बघणाऱ्याला वाटतं चालून चालून भरून आली असेल, जरा चोळून देऊ. पण ती खोलवरच्या शिरेत झालेली रक्ताची गाठ असू शकते. चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. अशा पायाला मसाज नाही. तिथे काम एकच. थांबायचं आणि ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचं.

म्हणूनच चांगल्या कॅम्पमध्ये आधी प्रश्न असतात, हात नंतर. कधीपासून? एकच पाय की दोन्ही? शुगर, बीपी, हृदयाचा त्रास? छातीत दुखतं का? धाप लागते का? फोड आला असेल तर तो फोडायचा नाही, बधिर पायाला गरम पाण्याचा शेक द्यायचा नाही. तुम्ही साडेचार वर्षं शरीररचना, बायोमेकॅनिक्स शिकता ते कधी हात लावायचा हे कळावं म्हणून, आणि कधी लावायचा नाही हेही कळावं म्हणून.

अजून एक खटकणारी गोष्ट बोलायला हवी. कॅम्पचे फोटो झकास येतात. वारकऱ्याचे पाय हातात घेतलेला तरुण विद्यार्थी, मागे भगवी पताका. स्टेटसला टाकावासाच वाटतो. पण त्या माणसाला विचारलंय का? आपल्या भेगाळलेल्या पायांचा फोटो शेकडो अनोळखी लोकांनी बघावा, हे त्याला चालेल का? क्लिनिकमध्ये पेशंटचा फोटो काढताना परवानगी घ्यायची, हे तुम्हाला शिकवलेलं असतं. मांडवात तो नियम बदलत नाही.

आणि कॅम्पची मर्यादाही माहीत असू द्या. पालखी पुढे जाते. तुमचा पेशंट तुम्हाला परत भेटणार नाही. हॉस्पिटलमधल्या पोस्टिंगमध्ये आठवड्यानं गुडघा किती वाकतोय ते गोनिओमीटरनं मोजता येतं. इथे नाही. म्हणून इथे तुमचं सगळ्यात मोठं काम शिकवण्याचं आहे. जे त्याला उद्या सासवडच्या तंबूत तुमच्याशिवाय करता येईल, तेच द्या. पोटरी ताणायची कशी, रात्री पिशवीवर पाय उंच ठेवून झोपायचं कसं, तळवा बघायचा कसा. पाच व्यायाम सांगितलेत तर एकही होणार नाही. दोन सांगा आणि समोर करून घ्या.

तुम्हाला यात यायचंय?

बारावी सायन्सनंतर बीपीटीएच करता येतं. महाराष्ट्रात प्रवेशासाठी नीट द्यावी लागते. आतापर्यंत चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप असा कोर्स होता. २०२१ साली या क्षेत्रासाठी राष्ट्रीय कायदा आला आणि देशभर अभ्यासक्रम एकसारखा करण्याच्या दृष्टीनं बदल सुरू झाले. त्यामुळे प्रवेश घेताना त्या वर्षीचे नियम नीट बघा. आणि कॉलेज निवडताना एक प्रश्न जरूर विचारा. हॉस्पिटलच्या बाहेर विद्यार्थी कुठे कुठे जातात? वृद्धाश्रमात, विशेष मुलांच्या शाळेत, वस्तीत, खेड्यात? कम्युनिटी पोस्टिंग म्हणजे जर्नलमध्ये सह्या गोळा करणं असेल, तर तुमचं अर्धं शिक्षण बुडालं समजा.

फिजिओथेरपी करायची नसली तरी एक गोष्ट आज रात्री तुम्हाला करता येईल. घरात आजी, आजोबा, आईबाबा, ज्या कुणाला मधुमेह असेल, त्यांना पाय सोडून बसायला सांगा. डोळे मिटायला सांगा. मग बोटाच्या टोकानं अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंदांपुरता. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, मिळून सहा जागा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की त्यांनी सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवायची वेळ झालीय. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या हॉस्पिटलमधून आलेली ही तपासणी आहे. उपकरण लागत नाही, पैसे लागत नाहीत. हे निदान नाही, पण इशारा नक्की आहे.

झालंच तर तळवेही उलटे करून बघा. वयस्कर माणसाला स्वतःचे तळवे दिसत नाहीत. वाकता येत नाही, नजर साथ देत नाही. कित्येक वर्षांत त्यांच्या तळव्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

ते म्हणतील, "अरे, माझं काही दुखत नाहीये."

म्हणू द्या. तुम्ही पाय बघा.